रायफल, नग एक, येणे

मुळात माझ्याकडे रायफल नाही. गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते मला स्वतःलाच खोटं वाटायला लागलंय. परवा दाढी करताना आरशात बघून एकदा म्हणून पाहिलं, तर समोरच्या माणसाने भुवई वर केली.

माझ्याकडे होतं ते रायफलीचं जोडसाहित्य. म्हणजे रायफल सोडून बाकी सगळं. जुन्या फौजांमधल्या शिपायाला रायफल खांद्यावर अडकवायला चामडी पट्टा लागायचा. नळी साफ करायला एक दोरी, तिच्या टोकाला बोटभर लांबीचं पितळी वजन. नळीत धूळ जाऊ नये म्हणून तोंडावर बसवायचं पितळी टोपण, खटका ओला होऊ नये म्हणून त्यावर बांधायचं जाड कापडी झाकण, आणि तेलाची पितळी डबी. ही डबी करंगळीपेक्षा थोडी जाड, आणि तिच्या झाकणाला आतून एक चमचा असतो, मुंगीला औषध पाजावं एवढा. लढायांच्या गोष्टी सगळे सांगतात. त्या रायफली ऐन वेळी अडू नयेत म्हणून कोणीतरी रोज दोरी ओढत होतं आणि थेंबभर तेल सोडत होतं, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं भांडारपाल आहे. दोरी ओढणाऱ्यांच्या बाजूचा माणूस मी.

सुरुवात पट्ट्यापासून झाली. जुन्या बाजारात एक घड्याळदुरुस्ती करणारा बसतो, त्याच्याकडे कोपऱ्यात ढीग असतो, त्यात तो मिळाला. घरी आणून मी त्याला मेणपॉलिश केलं. बायकोने विचारलं, कुठल्या बॅगेचा. मी सांगितलं. तिने थोडा वेळ पट्ट्याकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की इतर लोकांना या वयात निदान वस्तूंचा तरी नाद लागतो, तुम्हाला वस्तूंच्या पट्ट्यांचा लागला.

दोन वर्षांत पाच नग जमले. तसा मोठा संग्रह नव्हे, पण पाचही नग एकाच जातीच्या रायफलीचे होते, आणि असं जुळून येणं किती दुर्मीळ असतं हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत असे. येणारे हळूहळू कमी झाले. पाचांपैकी तेलाची डबी बायकोने पहिल्याच आठवड्यात शिवणयंत्रासाठी उचलली. तिचा चमचा यंत्राच्या भोकात बरोबर बसत होता. माझ्या अख्ख्या संग्रहात कामाची अशी हीच एक वस्तू निघाली, असं ती म्हणे, आणि मी ते प्रशस्तिपत्र म्हणून घेत असे.

आता नोंदवहीकडे येतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

भांडारपालाच्या घरात वस्तू आली आणि तिची नोंद झाली नाही, तर त्याला झोप लागत नाही. मी शंभर पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले, पानांना क्रमांक घातले, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला ‘या नोंदवहीत पृष्ठे १ ते १०० आहेत’ असं लिहून खाली सही ठोकली. वर नाव घातलं, जडसंग्रह नोंदवही. ऑफिसात टिकाऊ वस्तूंच्या वहीला असंच म्हणतात. बायको म्हणाली की नाव मात्र अगदी बरोबर पडलंय, उचलून झाडायला जड आणि बघायलाही जड.

भांडाराचा एक नियम आहे. जोडसाहित्य एकटं नोंदवता येत नाही. आधी मुख्य वस्तू लिहायची, मग तिच्याखाली तिचं साहित्य. मुख्य वस्तू अजून आली नसेल तर तिच्यासमोर ‘येणे’ असं लिहायचं. आमच्याकडे एका पंपाची चाळीस वायसरं अकरा वर्षं पडून आहेत आणि त्यांच्या डोक्यावर ‘पंप, नग १, येणे’ असं सन्मानाने लिहिलेलं आहे. तो पंप कधी येणार नाही हे साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत आहे, पण त्यामुळे कोणाच्या पोटात गोळा आलेला मी पाहिला नाही.

त्याच सवयीने, सुंदर अक्षरात, मी पान क्रमांक एकवर लिहिलं: ‘रायफल, नग १, येणे.’

दीड वर्ष ते वाक्य गुपचूप बसून होतं.

मग मुलीला नोकरी लागली. विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना वर-खाली करायची नोकरी. तीन वर्षं ती पोरगी यासाठी अभ्यास करत होती, दोनदा थोडक्यात हुकली होती, आणि तिसऱ्या खेपेला पत्र आलं. रुजू व्हायच्या आधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, महिन्याच्या आत. अहवाल आला नाही किंवा प्रतिकूल आला, तर यादीतला पुढचा उमेदवार. सोबत एक प्रश्नावली होती. नाव, गाव, शिक्षण वगैरे ठीक. अकरावा प्रश्न होता: ‘उमेदवाराच्या घरात कोणतेही अग्निशस्त्र अथवा त्याचा भाग आहे, होता किंवा येणे अपेक्षित आहे काय?’

‘येणे’ हा शब्द तिथे छापलेला होता. माझाच शब्द, माझ्याच अर्थाने, दुसऱ्याच्या कागदावर. माझ्या हातातला चहा बशीत सांडला. मुलीने विचारलं, बाबा, काय झालं. मी म्हणालो, गरम आहे. तो दहा मिनिटं निवलेला होता.

आमच्या समोरच्या घरात वकीलसाहेब राहतात. ते वकील नाहीत. कोर्टात टंकलेखक होते, पण चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जबान्या टाइप केल्यामुळे माणूस दूध आणायला गेला तरी तो ‘कथित दूध’ आणायला गेला असं त्यांना वाटतं. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, नोंद वाचली, उठून दार लावलं आणि खिडकीही लावली. मग हळू आवाजात विचारलं की येणे म्हणजे कोणाकडून येणे. मी म्हणालो, कोणाकडूनच नाही. ते म्हणाले की कोर्टात कोणाकडूनच नाही असं काही नसतं. एकदा येणे म्हटलं की पाठवणारा आला, आणणारा आला, आणि घ्यायला बसलेले तुम्ही तर आहातच. तीन माणसं झाली की त्याला कट म्हणतात.

मी पान फाडू का, असं विचारलं. त्यांनी पुठ्ठा उघडून माझीच सही मला दाखवली. पृष्ठे १ ते १००. एक पान कमी भरलं तर पुरावा नष्ट केल्याचं वेगळं कलम. खाडाखोड केली तर त्याच्याही वर आणखी एक. शेवटी त्यांनी सल्ला दिला, आणि तो देताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. आपल्याकडे रायफल नाही असा सरकारी दाखलाच काढून ठेवायचा. मग अकरा नंबरचा प्रश्न आपल्याला बघून वाट सोडेल.

मी अर्धी रजा टाकून शस्त्रपरवान्याच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक फॉर्म दिला. पहिलाच रकाना ‘शस्त्राचा क्रमांक’. मी म्हणालो, शस्त्र नाही. त्या म्हणाल्या, हो, पण कोणतं नाही? क्रमांकाशिवाय फाइल उघडत नाही आणि फाइलशिवाय दाखला निघत नाही. मग नसलेल्या माणसाने काय करावं, असं मी विचारलं. बाईंनी खरोखर विचार केला. मनाने चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या की रीतसर मार्ग एकच दिसतो: आधी परवाना काढा, मग रायफल घ्या, ती आमच्याकडे जमा करा, मग ती तुमच्याकडे नाही असा दाखला लगेच मिळेल.

मी आभार मानून निघालो, तर त्यांनी हाक मारून चौकशीच्या वहीत सही करायला लावली. नाव, पत्ता, आणि विषयाच्या रकान्यात त्यांनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं, ‘रायफल’. सकाळी घरातून निघालो तेव्हा माझं नाव एका वहीत रायफलीशेजारी होतं. दुपारी परतलो तेव्हा दोन वह्यांत होतं, आणि त्यांतली एक सरकारी.

आता खरं तर मी तोंड बंद ठेवून बसायला हवं होतं. पण पडताळणीला पोलीस शनिवारी येणार असा निरोप आला होता, आणि मंगळवारपासून मी तासातासाला वही उघडून तेच पान बघत होतो. मुलगी नव्या गावी न्यायच्या वस्तूंची यादी करत होती. सुबक रकाने आखून. ते बघून मला गहिवरून यावं की पळून जावं, ते समजेना.

बुधवारी संध्याकाळी मला वाटलं की उपाय सापडला. नोंद खोडता येत नाही, पण रीतसर बंद तर करता येते. भांडारात नोंद बंद करायची तर आधी वस्तू आलेली दाखवावी लागते, मग गेलेली. ‘येणे’च्या पुढे मी तारीख घालून लिहिलं, ‘प्राप्त, नग १’. आता ती घालवायची कुठे? दिली म्हणावं तर कोणाला दिली. मोडीत काढली म्हणावं तर मोडीचा पंचनामा लागतो. शेवटी ऑफिसातल्या सवयीने हात आपोआप चालला: ‘निर्लेखित. कारण: गहाळ.’ खाली सही. शिल्लक शून्य. मला दोन दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

बायको चष्मा लावून मागे उभी होती. तिने तिन्ही ओळी वाचल्या.

“म्हणजे काल आपल्याकडे रायफल यायची होती,” ती म्हणाली, “आणि आज ती येऊन हरवलीय.”

मी खुर्चीत बसलो. ती पाणी घेऊन आली आणि ग्लास माझ्या हातात देत म्हणाली, “अहो, आता त्या वहीला हात लावू नका. उद्यापर्यंत गोळी झाडलेली निघेल.”

गुरुवारी सकाळी मी चार नग एका बुटांच्या खोक्यात भरले आणि ऑफिसच्या भांडारात ठेवायला घेऊन निघालो. तिथे हजारो नग आहेत, त्यात चार कोणाच्या डोळ्यात येणार? पण फाटकावरच्या पहारेकऱ्याला बाहेरून आत येणारी प्रत्येक वस्तू लिहून घ्यायची सक्ती आहे, आणि ती सक्ती मागच्या वर्षी मीच अर्ज करून लागू करवून घेतली आहे. त्याने पेन उघडून विचारलं की साहेब, खोक्यात काय. मी म्हणालो, जोडसाहित्य. त्याने ते लिहिलं आणि मान वर न करता विचारलं की मुख्य वस्तू काय लिहू. माझ्याच हाताखाली शिकलेला माणूस. मी त्याला म्हणालो की पोटात दुखतंय, आणि खोकं काखेत मारून घरी परत आलो. थाप नव्हती ती.

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत एक हवालदार बसले होते. पिकलेल्या मिशा, मांडीवर कागदांची चळत, समोर रिकामा कप. शनिवारी येणारे साहेब आजारी पडले होते, म्हणून यांना आजच पाठवलं होतं. मुलगी समोर पाठ ताठ करून बसली होती. बायको माझ्याकडे बघत होती, मी हवालदारांकडे, आणि हवालदार खोक्याकडे.

नवे बूट का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. तेवढ्यात खोक्याचा तळ सुटला आणि पितळी टोपण फरशीवर पडून, घरंगळत, अगदी न चुकता त्यांच्या पायाशी जाऊन थांबलं.

त्यांनी ते उचललं. त्याच्या कडेवरून नख फिरवलं. त्यांचा चेहरा बदलला, पण कसा बदलला ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मी बोलायला लागलो. रायफल नाही, कधी नव्हती, हा नाद आहे, हे फक्त साहित्य आहे, असं बरंच काहीतरी, एकाच श्वासात. मुलीला वाटलं, बाबांना मदत करावी. ती म्हणाली की आमच्या बाबांकडे घरातल्या चमच्यापर्यंत सगळ्याची लेखी नोंद असते, आणि कपाटातून वही काढून तिने हवालदारांच्या हातात दिली.

ते पान एक वाचत होते. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. येणे. प्राप्त. गहाळ. त्यांनी बोट पुन्हा वर नेऊन परत पहिल्यापासून वाचलं. माझ्या डोक्यात मनोरा दिसत होता, वर कोणीच नाही, आणि विमानं घिरट्या घालतायत.

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “हे बरोबर नाही.”

मी मान खाली घातली.

“पावती क्रमांकाचा रकाना कोरा आहे,” ते म्हणाले. “पावतीशिवाय प्राप्त कसं लिहिलंत? पावती नाही म्हणजे वस्तू आली नाही. आणि जी आलीच नाही, ती गहाळ कशी होईल?”

अठ्ठावीस वर्षांत माझ्या वहीत कोणी चूक काढली नव्हती. त्या क्षणी जी सुटका झाली तिच्या आत कुठेतरी, खरं सांगतो, मला थोडा अपमानही वाटला.

हवालदारांनी लाल पेन काढलं, तिन्ही ओळींच्या समासात ‘पावतीअभावी नोंद अग्राह्य’ असं लिहून आडवी सही केली. मग प्रश्नावली ओढली. पट्टा आणि टोपण हे शस्त्राचे भाग नव्हेत, जोडसाहित्य आहे, आणि कागदावर जोडसाहित्य विचारलेलं नाही, असं म्हणत अकराव्या प्रश्नापुढे ठळक लिहिलं: ‘निरंक’. शिक्का मारला. कागद फायलीत घातला, फायलीची दोरी बांधली. मुलीला म्हणाले, जा पोरी, विमानं उतरव. ती आत गेली आणि आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

हवालदार मात्र उठले नाहीत. टोपण अजून त्यांच्या मुठीत होतं.

“आता जे बोलतो ते कागदाबाहेरचं,” ते म्हणाले. “मी ठाण्याचा भांडारपाल.”

मग त्यांनी सांगितलं. ठाण्याच्या भांडारात एक जुनी रायफल आहे. याच जातीची, एकोणीस वर्षांपूर्वी वापरातून काढलेली. मुख्यालयात परत पाठवायची, पण मुख्यालय ती घेत नाही, कारण हुकमात ‘जोडसाहित्यासह’ असं लिहिलंय आणि साहित्य त्यांच्या आधीच्या माणसाच्या काळात कुठे गेलं कोणाला ठाऊक नाही. दर वर्षी तपासणीत तोच शेरा. ते स्वतः चार महिन्यांनी निवृत्त होणार, आणि ती ओळ बंद झाल्याशिवाय त्यांना कोणी सोडणार नव्हतं. हुकमात बदली साहित्य चालतं, जात तेवढी तीच हवी. ती जात त्यांनी एकोणीस वर्षं शोधली होती. खिशातून त्यांनी वहीच्या पानाची घडी काढून माझ्यापुढे धरली. वर ‘रायफल, नग १, आहे’. खाली पट्टा, दोरी, टोपण, झाकण, डबी. पाचांपुढेही एकच शब्द, ‘येणे’.

ते मागत नव्हते. नुसता कागद दाखवत होते. नाही म्हटलं असतं तर नमस्कार करून गेले असते, आणि निरंकही तसाच राहिला असता. पण पाच वेळा ‘येणे’ लिहिलेलं पान एकोणीस वर्षं खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी पट्ट्यावरून एकदा हात फिरवला आणि पावती पुस्तक काढलं. चार नग लिहिले. पाचव्यापाशी मी बायकोकडे पाहिलं.

ती आत गेली. शिवणयंत्राचा खण उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ काहीच नाही, मग बंद झाल्याचा. ती डबी पदराला पुसतच बाहेर आली, हवालदारांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “आत तेल आहे अजून. सांडू नका.”

मुलगी वेळेत रुजू झाली. हवालदारही वेळेत निवृत्त झाले, आणि जाताना मुख्यालयाच्या पोचपावतीची प्रत मला टपालाने पाठवली. मी ती वहीत चिकटवली आहे. माझं कपाट रिकामं आहे, पण पान क्रमांक एकइतकं बिनचूक पान आमच्या ऑफिसातही नाही. फक्त पान दोनवर मला एक नवी ओळ लिहावी लागली. बायकोने समोर बसून ती लिहवून घेतली: ‘शिवणयंत्र, नग १, आहे.’ आणि त्याखाली: ‘तेलाची डबी, नग १, येणे.’

यंत्र आता दर टाक्याला कुरकुरतं. ते कुरकुरलं की ती माझ्याकडे बघत नाही, फक्त थांबते.

म्हणून गेल्या रविवारी पुन्हा जुन्या बाजारात गेलो. घड्याळवाल्याला डबीचं वर्णन सांगितलं, चमच्यासकट. त्याने मला ओळखलं, इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ वाकून सांगितलं की डबी आहे, अगदी तशीच आहे, कालच आलीय, पण ती सुटी देता येणार नाही, जिच्याबरोबर आली तिच्याबरोबरच जाईल. आणि पाठीमागचं लांबट गाठोडं सोडायला त्याने हात घातला.

मी तिथूनच पाय काढला. घरी येईपर्यंत मागे वळूनही पाहिलं नाही.